झाकणातला बुडबुडा

प्रिय भिंगरी,

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू नुसतं 'हं' म्हणतेस आणि त्या 'हं'चा अर्थ लावण्यात माझा आठवडा जातो. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही, हा पत्राचा मोठा गुण आहे. दवाखाना आज बंद आहे. जेवणाच्या टेबलावर ऐसपैस पसरून बसले आहे. बाबा सोफ्यावर वाचत पडले आहेत, म्हणजे पुस्तक छातीवर आहे आणि डोळे मिटलेले आहेत. तुझ्या खोलीतली खिडकी दुरुस्त झाली. तू लावलेल्या रोपाला आठवं पान आलं, ते पिवळं नाही, हे बाबांनी तुला मुद्दाम कळवायला सांगितलं आहे. एवढ्या बातम्या झाल्या. आता खोक्याबद्दल.

तू कॉलेजला गेलीस त्या सकाळी दारातून परत फिरलीस आणि म्हणालीस, "आई, पलंगाखालचं खोकं कुणाला तरी देऊन टाक. ज्याला मोटर कळते अशा कुणाला तरी." मी मान हलवली. पण खोकं तिथेच राहिलं. झाडताना मी ते एका बाजूला ओढायची, दुसऱ्या बाजूने झाडायची आणि परत आत ढकलायची. देत का नाहीये, असं मी रोजनिशीत स्वतःला विचारलं आणि 'वेळ नाही' असं उत्तर लिहिलं. ते खरं नव्हतं म्हणून खोडलं. मग दुसरं काही सुचेना म्हणून तेच परत लिहिलं.

त्या खोक्यात काय आहे ते तुला सांगायला नको, पण माझं मलाच सांगून बघते. ॲल्युमिनियमची नळी. तिला खालून ज्वाळा बाहेर पडायचं तोंड आणि वरून झाकण. तू स्वतः ओतलेल्या, मध्ये भोक असलेल्या इंधनाच्या वड्या. एकदा पेटवायला एक संच, असे तीन संच तू केले होतेस. त्यातला एक रॉकेट क्लबच्या चाचणीत जळला. रॉकेटची मोटर जमिनीवरच घट्ट बांधून पेटवायची आणि आतला दाब किती चढतो ते झाकणावर बसवलेल्या सेन्सरने मोजायचं, ही ती चाचणी. दाबाचा आलेख भिंतीसारखा ताठ चढेल असं तू छातीठोकपणे सांगितलं होतंस. प्रत्यक्षात तो टेकडीसारखा रमतगमत चढला. क्लबचे कडककाका म्हणाले, "सुस्त आहे. वड्यांत पोकळी असणार. ही आकाशात जाणार नाही." तू म्हणालीस की मोटर बरोबर आहे, सेन्सर खोटं बोलतोय, कारण जोराचा, म्हणजे मोटर किती ढकलते त्याचा आलेख तर ताठ चढला आहे. ते म्हणाले, जोर मोजणारी चौकट हलते, तिच्यावर कसला विश्वास ठेवतेस? तुझं त्यांच्यापुढे काही चाललं नाही. घरी येताना गाडीत तू सगळा वेळ बाहेर बघत होतीस.

तेही विसरलं गेलं असतं. पण मागच्या महिन्यात तू फोनवर सांगितलंस की कॉलेजच्या रॉकेट चमूला मोटरसाठी कुणीतरी हवं होतं आणि तू त्यांना म्हणालीस, "मला मोटर कळत नाही." असं सांगून तू हसलीस. ते हसू माझ्या ओळखीचं आहे, भिंगरी. दवाखान्यात माझ्या खुर्चीत बसलेली माणसं "छे, दुखत नाही" म्हणायच्या आधी तसं हसतात. त्या रात्री मी बाबांना म्हटलं, उद्या खोकं नेते. बाबा म्हणाले, "द्यायला?" मी म्हटलं, "नेते, एवढंच म्हटलं मी." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्यांनी पुढे विचारलं नाही.

क्लबची शेड आहे तशीच आहे. दारात तीच मोडकी खुर्ची, भिंतीवर कुणाच्या तरी रॉकेटचे उरलेले पंख. कडककाका लेथवर काहीतरी घासत होते. तू त्यांना हे नाव ठेवलंस ते त्यांना ठाऊक आहे आणि आवडतंही, असा माझा संशय आहे. त्यांनी जन्मभर कारखान्यांचे बॉयलर तपासले. दाब म्हटला की त्यांचे कान उभे राहतात. मी खोकं ठेवलं आणि म्हटलं, ज्याला मोटर कळते त्याला हे द्यायचं आहे. त्यांनी खोकं उघडून बघितलं, वड्या एकेक करून उजेडात धरल्या, नखाने टिचक्या मारल्या. मग म्हणाले, "पोरीचा हात चांगला आहे." मी म्हटलं, "मग सुस्त का म्हणालात?" ते म्हणाले, "मी नाही म्हणालो. आलेख म्हणाला." जरा वेळाने आपणच म्हणाले, "द्यायच्या आधी अजून एक संच जाळून बघू. घेणाऱ्याला कळायला हवं काय घेतोय ते. तुम्ही तेवढं नळीचं झाकण पुसून ठेवा."

आता इथे माझ्या हातून जे झालं ते वाचून तू कपाळावर हात मारशील, तर आधीच मारून घे. मी झाकण पुसलं. बाहेरून पुसलं, रबरी कडी बसते ती खाच पुसली. मग बघते तर सेन्सर जिथे बसतो तिथल्या बारीक भोकात कसला तरी काळपट चिकटा. असं घाणेरडं भोक बघून दातांच्या डॉक्टरचा हात थांबेल का? पर्समधून कापूस काढला, शेडमधलं स्पिरिट घेतलं आणि ते भोक असं लखलखीत केलं की त्यातून पलीकडचं दार दिसावं. कौतुकाने कडककाकांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टर, ते ग्रीस होतं."

तुला माहीत असलेलं मला त्या दिवशी कळलं. मोटरच्या आतला दाब त्या भोकातून सेन्सरपर्यंत जायला हवा, पण आग जायला नको. म्हणून भोक ग्रीसने गच्च भरायचं. ग्रीस दाब पुढे ढकलतं आणि आगीला अडवतं. तसंच रिकामं ठेवून पेटवलं असतं तर सेन्सरचा पडदा क्षणात भाजून निघाला असता. मी ओशाळले. ते म्हणाले, "असू दे, भरू परत." त्यांनी डब्यातून बोटभर ग्रीस घेतलं, भोकाच्या तोंडावर ठेवलं आणि अंगठ्याने चोपून आत सारलं. वरून परत एक बोट, परत अंगठा. माझ्या तोंडून निघून गेलं, "आत हवा राहील." ते म्हणाले, "माझं आयुष्य बॉयलरमध्ये गेलंय, डॉक्टर." मी म्हटलं, "माझं तोंडात गेलंय."

हे उद्धटपणाने नाही म्हटलं, विश्वास ठेव. मला खरोखरच डोळ्यांसमोर दिसत होतं. दाताच्या मुळाची नळी अशीच असते, बारीक आणि खोल. कॉलेजात आमच्यातला प्रत्येक जण पहिल्यांदा ती वरून चोपून भरतो, वर छान सपाट दिसतं आणि एक्सरे काढला की मध्ये काळी पोकळी. मग आमचे सर ते सगळं उकरायला लावायचे. वरून भरलं की हवेला बाहेर पडायला वाट राहत नाही. सुई तळाशी न्यायची, तिथून भरायला सुरुवात करायची आणि भरत भरत मागे यायचं. मी हे कडककाकांना सांगितलं. ते म्हणाले, "सांगू नका. दाखवा."

म्हणून मी त्यांचं एक जुनं झाकण, त्यांच्या पद्धतीने भरलेलं, दवाखान्यात नेलं आणि शेवटचा पेशंट गेल्यावर त्याचा एक्सरे काढला. मदतनीस मावशींनी ते झाकण खुर्चीवर ठेवलेलं बघितलं आणि विचारलं, "ह्याला कधीपासून दुखतंय?" फोटो आला, पण धूसर. मध्ये एक पुसट काळपट ठिपका होता. मला तो बुडबुडा वाटला, आणि तिथेच मी थबकले. कारण मला तो हवा होता. तुझं खरं ठरावं अशी इच्छा मनात धरून बघणाऱ्या बाईला कुठेही ठिपका दिसेल. पेशंटच्या फोटोत इतकं पुसट दिसलं असतं तर मी दाताला हातही लावला नसता. त्या दिवशी रोजनिशीत लिहिलं, 'पुरावा नाही. उगाच नाचू नये.' आणि मग झोपेपर्यंत मनातल्या मनात नाचले.

दुसऱ्या दिवशी त्याच मापाच्या भोकाची काचेची नळी आणली आणि कडककाकांना दवाखान्यात बोलावलं. ते आले, इस्त्रीचा शर्ट घालून. बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून पेशंटच्या खुर्चीत बसले. मी वरचा दिवा लावला तर बॉयलरला न घाबरलेल्या त्या माणसाने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि म्हणाले, "माझे दात ठीक आहेत हो." मी त्यांच्या हातात नळी आणि ग्रीस दिलं. त्यांनी नेहमीसारखं अंगठ्याने चोपून भरलं आणि दिव्यासमोर धरलं. मध्यावर मोहरीएवढा बुडबुडा, अगदी ऐटीत बसलेला. मी दुसरी नळी घेतली, दातांचं माप घ्यायचा मसाला भरायची जाड सुई ग्रीसने भरली, तळापर्यंत नेली आणि दाबत दाबत मागे आले. नळी काठोकाठ, आत काही नाही. ते बघत राहिले. म्हणाले, "परत." मी परत केलं. "परत." पुन्हा केलं. मग म्हणाले, "सुई द्या इकडे," आणि स्वतः भरली. पहिल्या खेपेला त्यांना जमलं नाही. दुसऱ्या खेपेला जमलं तेव्हा मावशींनी टाळ्या वाजवल्या, आणि कडककाका लाजले. खोटं नाही सांगत.

मग त्यांनीच मला समजावलं, आणि ते सांगताना मला नाही, स्वतःलाच सांगत होते. मोटर पेटते, दाब ग्रीसवर येतो. पण मध्ये बुडबुडा असला की ग्रीस आधी त्याला चेपत बसतं आणि मग सावकाश सेन्सरला निरोप देतं. म्हणजे मोटरने भिंत उभारली तरी सेन्सर टेकडीच काढणार. "म्हणजे तो खोटं बोलत नव्हता," ते म्हणाले, "त्याला उशिरा कळत होतं." दिवा अजून चालूच होता. तो बंद करायला त्यांनी सांगितलं, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. तुझ्या चाचणीच्या दिवशी तुझ्या झाकणात बुडबुडा होताच, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. ते ग्रीस तेव्हाचंच होतं, कडककाकांनीच भरलेलं, पण पुरावा मीच कापसाने पुसून टाकला. त्यामुळे आता एकच मार्ग होता, दुसरा संच जाळून बघणं. आणि तुझ्याकडे एकूण तीनच होते. तुला न विचारता जाळावा का, यावर मी खूप घोळ घातला. तुला विचारलं असतं तर तू 'हं' म्हणाली असतीस. आणि आलेख पुन्हा टेकडीसारखा आला असता तर ते तुला कळवायचं कसं, हा विचार मला त्याहून छळत होता. शेवटी ठरवलं की जो येईल तो आलेख तुला पाठवायचा, टेकडी आली तरी. हे ठरल्यावर मला गाढ झोप लागली.

काल सकाळी मैदानावर गेलो. वारा अजिबात नव्हता. बाबा बरोबर आले. विम्याच्या कामात जन्म घालवल्यामुळे त्यांना प्रत्येक वस्तू पेटलेली दिसते, हे तुला माहीत आहेच. डोक्यावर हेल्मेट, एका हातात पाण्याची बादली, दुसऱ्या हातात प्रथमोपचाराची पेटी. कडककाकांनी त्यांना नेमलेल्या रेषेच्या मागे उभं राहायला सांगितलं तर ते म्हणाले, "मी घरूनच बघायचं म्हणत होतो." मी झाकण मांडीवर घेतलं, सुई तळाशी नेली, भोक भरलं. सेन्सरच्या तोंडावरही ग्रीसचा छोटा ढीग ठेवला आणि अगदी सावकाश आटे फिरवत त्याला बसवलं. जास्तीचं ग्रीस आतल्या बाजूने टूथपेस्टसारखं बाहेर आलं. माझा हात कापसाकडे गेला. कडककाका न बघताच म्हणाले, "पुसू नका." मी हात मांडीखाली घेऊन बसले.

उलटे आकडे त्यांनी मोजले. बटण दाबलं आणि क्षणभर काहीच झालं नाही. मग आवाज. तुझ्या मोटरचा आवाज मी मागच्या वेळी ऐकला होता, पण तेव्हा मी तुझ्याकडे बघत होते. काल पहिल्यांदा मोटरकडे बघितलं. सरळ, ताणलेली, पिवळीधमक ज्वाळा, आणि पायाखालची जमीन पोटात घुमत होती. संपलं तेव्हा बाबांच्या बादलीतलं निम्मं पाणी त्यांच्या बुटात होतं. आम्ही तिघं लॅपटॉपवर वाकलो. भिंत होती, भिंगरी. ताठ, सुतासारखी सरळ भिंत, मग सपाट छप्पर, मग शेवटी स्वच्छ उतार. सगळ्यात उंच जागासुद्धा नळीला सोसेल त्याच्या पुष्कळ खाली. कडककाकांनी त्याच्यावर जोराचा आलेख ठेवला. वरची आणि खालची दातांची ओळ नीट मिटावी तसे ते एकमेकांवर बसले. बाबांनी विचारलं, "हे चांगलं आहे ना?" मी नुसतीच मान हलवत होते. तेव्हा त्यांनी हेल्मेट काढलं आणि माझ्या डोक्यावर घातलं. का, ते त्यांनाही माहीत नाही.

आलेख सोबत जोडला आहे. त्यावर 'उड्डाणास योग्य' असं लिहून कडककाकांनी सही केली आहे. मी म्हटलं, तिला तुमचा निरोप कळवते. ते म्हणाले, "माझा मी देईन," आणि खिशातलं पेन पुन्हा काढून खाली एक ओळ लिहिली. तू वाचशीलच, तरी मला लिहिल्याशिवाय राहवत नाही: 'मोटर सुस्त नव्हती. तपासणारा होता.'

आता खरी गंमत पुढे. परवानगी मिळाली, आकाश मोकळं, तिसरा संच खोक्यात, तुझं रॉकेटही आशेने गाडीत घालून आणलेलं. कडककाका म्हणाले, आत्ताच उडवू. आणि बाबा, घरात मेणबत्ती लावू न देणारे बाबा, रॉकेट दोन्ही हातांत धरून पळत आले. दोघं माझ्याकडे बघत होते. मी नाही म्हटलं. दोघांची तोंडं अशी उतरली की मला हसू आवरेना. घरी येताना बाबा गाडीत सगळा वेळ बाहेर बघत होते, थेट तुझ्यासारखे. मी चूक केली का, हे मी काल रात्रीपासून रोजनिशीत स्वतःला विचारते आहे आणि पहिल्यांदाच काहीही खोडावं लागलेलं नाही.

तर हे पत्र कशासाठी, ते आता लिहिते. खोकं ज्याला मोटर कळते अशा कुणाला तरी दे, असं तू सांगितलं होतंस. मला घेणारी सापडली आहे. शेहेचाळीस वर्षांची आहे, दातांची डॉक्टर आहे, तिला अजून एका भोकापलीकडे मोटरमधलं काही कळत नाही. पण तिने काल क्लबात नाव घातलं, आणि आज सकाळपासून शीळ वाजवते आहे म्हणून नवऱ्याने दोनदा विचारलं की बरी आहेस ना. तिला स्वतःची मोटर करायची आहे. शिकवायला कुणीतरी हवं आहे, आणि कडककाका म्हणतात की तसं एकच माणूस त्यांना ठाऊक आहे, पण ते सध्या बाहेरगावी शिकतं. कॉलेजच्या चमूला काय सांगायचं ते तुझं तू बघ, मी त्यात पडणार नाही. खोकं मात्र अजून तुझंच आहे. तिसरा संच जिने ओतला तिनेच पेटवायचा, म्हणून तो तसाच तुझ्या पलंगाखाली ठेवला आहे. सुट्टीत ये. बटण तू दाब, झाकण मी भरेन, बादली बाबा धरतील. आणि ते वर गेल्यावर, मान मोडेपर्यंत वर बघून झाल्यावर, मला विचार की खोकं हवं आहे का. मी नाही म्हणेन. तू परत मागून घ्यावंस म्हणूनच तर मी ते कुणाला दिलं नाही. मला फक्त शेजारी बसायला जागा हवी आहे.

तुझीच, आणि यापुढे तुझी विद्यार्थिनी,
आई